आवाज शेडचा नव्हे, माणसाचा मोजा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) फेटलिंग, म्हणजे ओतीव भागावरचा जादा धातू घासून काढायचं काम, करणाऱ्याला विचारा, "मामा, आवाजाचा त्रास होत नाही?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "आता सवय झालीया." या उत्तराची मला भीती वाटते. कान सरावलेला नसतो, बऱ्याचदा तो बधिर होत चाललेला असतो. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी असतात, आणि मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

बहिरेपणाची सुरुवात होते ४,००० हर्ट्‌झच्या आसपासच्या उंच पट्टीच्या आवाजांपासून. स, श, फ ही व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र शाबूत राहतात. म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण कळत नाही." घरच्यांना वाटतं, लक्षच देत नाहीत.

आवाजाची मोजणी शेडच्या मधोमध मीटर धरून केली तर हाती येतो शेडचा आकडा. कामगार मात्र कधी ग्राइंडरवर वाकलेला असतो, कधी साचे फोडायच्या जागेजवळ (नॉकआउट), कधी चहाला बाहेर. त्यासाठी डोसीमीटर असतो. मुठीत मावेल एवढं हे यंत्र खांद्यावर, कानापासून वीतभराच्या आत अडकवायचं आणि शिफ्टभर तसंच ठेवायचं. लावण्याआधी आणि काढल्यावर ठरलेल्या ९४ किंवा ११४ डेसिबलच्या सुरावर ते तपासून घ्यायचं. ही तपासणी चुकवली तर दिवसभराच्या नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही.

आता हिशेब. डेसिबल साध्या बेरजेनं वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. समजा, एकानं २ तास १०० डेसिबलमध्ये ग्राइंडिंग केलं आणि उरलेले ६ तास ८८ डेसिबलमध्ये काढले. आपल्या कारखाना नियमांत ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला २ तास चालतात आणि ८८ तर धरलेच जात नाहीत. माणूस बरोबर मर्यादेवर, कागद स्वच्छ! अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस ८ तासांना ८५ डेसिबल आणि दर ३ डेसिबलला निम्मा वेळ अशी आहे. त्या मापानं याच माणसाचा डोस, म्हणजे शिफ्टभरात कानावर पडलेला एकूण आवाज, मर्यादेच्या साडेनऊ पट भरतो. ऊर्जेचा हिशेब पाहता मला दुसरं मापच पटतं.

इअरप्लगचंही गणित असंच कडक आहे. ३० डेसिबल अडवणारा प्लग ८ तासांत फक्त अर्धा तास काढून ठेवला, तर शिफ्टभराचं संरक्षण १२ डेसिबलवर येतं.

मोजणीच्या जोडीला दरवर्षी श्रवणचाचणी हवीच, पण ती शिफ्ट सुटल्यावर नको. त्या वेळी थकलेल्या कानाची तात्पुरती घट कायमच्या घटीत मिसळते. सुट्टीनंतरच्या सकाळी, मशिनं सुरू व्हायच्या आधी कामगाराला बसवा, आणि आलेख ४,००० हर्ट्‌झला खाली वाकलाय का, ते आधी बघा.