फेब्रुवारीचे दिवस कुणी चोरले नव्हते

लीप वर्ष आलं की एक मजकूर हमखास मोबाइलवर फिरू लागतो. ज्युलियस सीझरच्या जुलैला 31 दिवस आणि आपल्या ऑगस्टला मात्र 30, हे सम्राट ऑगस्टसला सहन झालं नाही, म्हणून त्याने फेब्रुवारीचा एक दिवस काढून आपल्या महिन्याला जोडला! चांगली शिकलेली माणसंही हे पुढे पाठवतात. ही कथा साक्रोबॉस्को नावाच्या तेराव्या शतकातल्या विद्वानाच्या लेखनातून पसरली. म्हणजे ऑगस्टसनंतर बाराशे वर्षांनी. ती खोटी आहे, आणि खोटेपणाचा पुरावा भिंतीवर रंगवलेला आहे.

रोमच्या दक्षिणेला अँटियम (आजचं आंत्सिओ) इथे सीझरने कॅलेंडर सुधारलं त्याआधीची एक दिनदर्शिका सापडली. भिंतीच्या गिलाव्यावर लाल-काळ्या अक्षरांत लिहिलेली. तीत फेब्रुवारीला 28च दिवस आहेत, आणि पुढे ज्याचं नाव जुलै झालं त्या क्विंटिलिसला तेव्हाच 31 आहेत.

मग 28 आले कुठून? रोमन लोकांना सम संख्या अशुभ वाटायच्या. म्हणून मार्च, मे, क्विंटिलिस आणि ऑक्टोबर 31 दिवसांचे, बाकीचे 29चे. वर्षाचे दिवसही विषमच हवेत, म्हणून 355. पण बारा विषम संख्यांची बेरीज नेहमी समच येते! एका महिन्याला सम व्हावंच लागणार होतं. तो मान पितरांच्या आणि शुद्धीकरणाच्या महिन्याकडे, फेब्रुवारीकडे, गेला. चार एकतीस म्हणजे 124, सात एकोणतीस म्हणजे 203, आणि वर 28. एकूण 355. आजही आपण फेब्रुवारीचा पगार 28 दिवसांत मोजतो तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या शुभाशुभाच्या कल्पनेमुळे.

355 दिवसांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सव्वादहा दिवसांनी तोकडं पडतं. उपाय आपल्या ओळखीचा आहे: अधिक महिना. रोममध्ये साधारण एक वर्षाआड फेब्रुवारी 23 किंवा 24 तारखेला तोडायचा आणि पुढे 27 दिवसांचा जादा महिना घालायचा. वर्ष 377 किंवा 378 दिवसांचं व्हायचं. आपल्याकडे मात्र अधिक मास गणिताने ठरतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक. त्यात कुणाच्या मर्जीला जागा नाही. रोममध्ये हा निर्णय पाँटिफ नावाच्या पुरोहितमंडळाच्या हाती होता. आणि पाँटिफ हे मठात बसलेले साधू नव्हते. सेनेटमध्ये बसणारे, निवडणुका लढवणारे, सैन्य घेऊन जाणारे राजकारणी होते ते.

रोमचं प्रजासत्ताक समजून घ्यायचं तर कॉन्सल (वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी) दोन, ट्रिब्यून (सामान्य जनतेचे प्रतिनिधी) दहा अशी यादी पाठ करण्यापेक्षा हे पंचांग बघावं, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक दिवसाला एक अक्षर होतं. सी म्हणजे नागरिकांची सभा भरवून मतदान घेता येईल असा दिवस, एफ म्हणजे न्यायालय चालू, एन म्हणजे दोन्ही बंद. शिवाय ए ते एच अशी आठ अक्षरं ओळीने फिरत. ती बाजाराची. दर आठ दिवसांनी खेड्यातला शेतकरी माल घेऊन शहरात येई आणि त्याच फेरीत सरकारी फलक वाचून घेई. इ.स.पू. 98च्या कायद्याने नव्या कायद्याचा मसुदा तीन बाजारांच्या मुदतीने आधी जाहीर करणं सक्तीचं झालं, ते यासाठीच. या बाजाराला ते ‘नवव्या दिवसाचा’ म्हणत, कारण मोजताना सुरुवातीचा दिवसही धरत. ही सवय लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कर्जाचं व्याज महिन्याच्या पहिल्या दिवशी, कॅलेंड्सला, द्यायचं. कर्जवहीला ते ‘कॅलेंडारियम’ म्हणत. कॅलेंडर हा शब्द तिथून आला.

पण सुरुवातीला ही अक्षरंच गुप्त होती. कोर्ट कधी उघडं, हे फक्त पॅट्रिशियन उमराव घराण्यांतल्या पुरोहितांना ठाऊक. सामान्य प्लिबियन माणसाला दावा लावायचा तर त्यांच्या दारात जाऊन विचारावं लागे. इ.स.पू. 304 मध्ये ग्नेयस फ्लेवियस या कारकुनाने, एका मुक्त केलेल्या गुलामाच्या मुलाने, अधिकारपदी निवडून येताच हे सगळे दिवस फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, फळ्यावर लावून टाकले. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की तो आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला, तेव्हा तिथली उमराव पोरं उठून उभी राहिली नाहीत. फ्लेवियसने आपली अधिकाराची खुर्ची मागवली आणि त्यांच्यासमोर तिच्यावर बसला. मला हा माणूस फार आवडतो. चारच वर्षांनी प्लिबियनांना पाँटिफ होण्याचा हक्क मिळाला.

अधिक महिन्याची किल्ली मात्र मंडळाकडेच राहिली. पदाची मुदत एक वर्षाची. महिना घातला तर मित्राला बावीस-तेवीस दिवस जास्त सत्ता, गाळला तर शत्रूला तेवढी कमी. हा घोटाळा आज मोजता येतो, आणि तो मोजतं ग्रहण.

लिव्ही लिहितो की इ.स.पू. 190 मध्ये, रोमन पंचांगाच्या 11 क्विंटिलिसला, अपोलोच्या उत्सवात, निरभ्र आकाश असताना दिवसा अंधारलं. ग्रहणांचं गणित उलटं चालवलं की हे ग्रहण मिळतं 14 मार्चला (सीझरचं कॅलेंडर मागे ताणून मोजलेल्या तारखेने). म्हणजे ऋतू मार्चचा आणि पंचांगात जुलै. रोमन महिन्यांच्या लांबीने मधले दिवस मोजू: मार्चचे 17, एप्रिलचे 29, मेचे 31, जूनचे 29, क्विंटिलिसचे 11. झाले 117. एक अधिक महिना गाळला की साडेबावीस दिवस निसटतात. मुळात पंचांग ऋतूशी जुळलेलं होतं असं धरलं, तर सुमारे पाच अधिक महिने गाळले गेले होते. त्याआधीची वर्षं हॅनिबलबरोबरच्या युद्धाची आणि त्यानंतरच्या धामधुमीची होती. पुढे इ.स.पू. 168 मध्ये मॅसिडोनियाविरुद्धच्या पिड्नाच्या लढाईआधी चंद्रग्रहण झालं. लिव्हीची तारीख सप्टेंबरच्या सुरुवातीची, प्रत्यक्षात 21 जूनची रात्र. चार महिन्यांची चूक अडीच महिन्यांवर आली होती.

त्याच ग्रहणाबद्दल सल्पिशियस गॅलस या अधिकाऱ्याने सैनिकांना समजावलं की यात अपशकुन नाही, चंद्र पृथ्वीच्या सावलीत जातो एवढंच. बावीसशे वर्षांपूर्वी छावणीतल्या शिपायाला हे सांगता आलं. आज ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत उपाशी बसवणाऱ्या घरांना ते सांगताना आपण का कचरतो?

प्रजासत्ताकाच्या अखेरीस तर पंचांग उघड हत्यार झालं. इ.स.पू. 59 मध्ये कॉन्सल बिब्युलसने, सहकारी कॉन्सल सीझरचे कायदे अडवायला, मतदानाचे उरलेले सगळे दिवस सुट्टीचे जाहीर केले. इ.स.पू. 51 मध्ये सिसरो हा वक्ता आणि राजकारणी दूरच्या सिलिशिया प्रांताचा राज्यपाल झाला आणि रोममधल्या मित्राला पत्रांतून विनवू लागला, यंदा अधिक महिना घालू देऊ नका, मला इथे जादा दिवस काढायचे नाहीत. पुढच्या वर्षी ट्रिब्यून क्युरिओला तोच महिना हवा होता. तो मिळाला नाही, आणि क्युरिओ सीझरच्या गोटात गेला.

अखेर सीझरने, जो स्वतः मुख्य पाँटिफ होता, अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या खगोलज्ञाच्या सल्ल्याने इ.स.पू. 46 या वर्षात आधी 23 आणि नंतर 67 दिवस घातले. ते वर्ष 445 दिवसांचं झालं. पुढच्या वर्षापासून 355 मध्ये दहा दिवस वाटले: जानेवारी, सेक्स्टिलिस आणि डिसेंबरला दोन-दोन, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबरला एकेक. सेक्स्टिलिस म्हणजेच पुढचा ऑगस्ट. त्याचे 31 दिवस सीझरनेच दिले. फेब्रुवारीला हात लागला नाही, फक्त दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचं ठरलं.

सीझरच्या खुनानंतर पाँटिफांनी ‘दर चौथ्या वर्षी’ हे बाजारासारखं मोजलं, सुरुवातीचं वर्षही धरून. लीप वर्ष दर तिसऱ्या वर्षी येऊ लागलं आणि छत्तीस वर्षांत नऊऐवजी बारा जादा दिवस घातले गेले. ते तीन दिवस फेडण्यासाठी ऑगस्टसने सलग बारा वर्षं लीप दिवस घालू दिला नाही. फेब्रुवारीशी त्याचा संबंध आला तो इतकाच.