संघटना नाही, करार नाही, फक्त पेन्शन: ठाणे-नवी मुंबईच्या पोलिसांच्या निवृत्तिलाभांची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत वेतनकरार ठरावीक वर्षांनी संपतो. युनियन मागण्यांची यादी देते, व्यवस्थापन बोलणीला बसते आणि नवा करार होतो. दोन्ही महापालिकांच्या कर्मचाऱ्यांच्याही संघटना आहेत. बोलणी फिसकटली की गेटवर बंदोबस्ताला जो पोलीस अंमलदार उभा राहतो, त्याच्या नोकरीत मात्र करार नावाची गोष्टच नाही. त्याचा पगार, ड्युटीचे तास, निवृत्तीनंतरची रक्कम हे सगळे शासन निर्णयाने ठरते. ते ठरवताना त्याच्या वतीने बोलणारे मान्यताप्राप्त कोणी समोर नसते. म्हणून महाराष्ट्रातल्या पोलिसाच्या पेन्शनचा इतिहास संघटनाबंदीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

मुळापासून पाहू. ब्रिटिश सरकारने १९२२ सालीच पोलिसांमध्ये अप्रीती चेतवण्याविरुद्ध कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम १९ ने संघटना स्थापण्याचा हक्क सर्व नागरिकांना दिला, पण सैन्यदले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्यापुरते मूलभूत हक्क आखडण्याची मुभा कलम ३३ ने संसदेला दिली. त्या आधारे १९६६ चा पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायदा आला. पोलिसाला परवानगीवाचून कामगार संघटनेचे किंवा राजकीय संघटनेचे सदस्य होता येत नाही. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक मंडळाला हरकत नाही. वृत्तपत्राशी बोलण्यावरही निर्बंध आहेत. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कामगार कायद्यांचे दारही बंदच आहे. औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येतून पोलीस सेवेतली माणसे थेट वगळलेली होती. पोलीस कायद्यानुसार (१९५१) पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते, म्हणून बारा-चौदा तासांच्या बंदोबस्तासाठी कारखान्यासारखा दुप्पट ओव्हरटाइम मागायला कायदेशीर आधार उरत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४८ चा ८७ क्रमांकाचा करारही पोलिसांचा प्रश्न ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोपवतो, आणि भारताने तर तो करार मंजूरच केलेला नाही.

तरीही ‘बंदी’ हा शब्द जपून वापरायला हवा. १९६६ चा कायदा परवानगीची वाट ठेवतो. केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना १९७९ पासून आहे. ती संप करत नाही, पण सरकारशी बोलते. आयपीएस अधिकाऱ्यांचीही संघटना आहे. प्रश्न उरतो तो शिपाई ते उपनिरीक्षकांचा, म्हणजे दलातल्या बहुसंख्येचा. दिल्लीच्या अराजपत्रित पोलिसांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे निर्बंध वैध ठरवले. संघटना करण्याच्या हक्कात सरकारी मान्यता मिळण्याचा हक्क येत नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

महाराष्ट्रात ही वाट बंद झाली ती १९८२ साली. त्याआधी १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला होता, आणि फेब्रुवारी १९७९ च्या पहिल्याच अहवालात त्याने शिपायांच्या राहणीमानाचा व कामाच्या स्थितीचा प्रश्न हाती घेतला होता. त्याच वर्षी पंजाबातून सुरू झालेले पोलिसांचे आंदोलन अनेक राज्यांत पसरले. मुंबईत गिरणी संप चालू असताना १८ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांचा उद्रेक झाला. रस्त्यावर दंगल झाली, लष्कर बोलवावे लागले. नेत्यांची धरपकड झाली, अनेकांना नोकरीतून काढले गेले. त्या धास्तीने पुढच्या पिढीच्या अंमलदारांनी संघटनेचा विषय काढणेच सोडले.

योगायोग असा, की त्या उद्रेकाच्या तीनच दिवस आधी, १५ ऑगस्ट १९८२ रोजी, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम लागू झाले होते. कोणी तसे लिहून दिले नव्हते, पण व्यवहारात देवाणघेवाण ठरली ती अशी: संघटना नाही, संप नाही, तासांचा हिशेब नाही, बदल्यात ५८ व्या वर्षी हमखास निवृत्तिवेतन. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे, वर महागाई भत्ता, पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. शेवटचे मूळ वेतन ५०,००० असेल तर निवृत्तिवेतन २५,००० अधिक महागाई. त्यातला ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात (याला अंशराशीकरण म्हणतात) आणि तो भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते ते पूर्ण झालेल्या दर सहा महिन्यांच्या सेवेमागे पाव महिन्याच्या वेतनाइतके, जास्तीत जास्त साडेसोळा पट. त्याची कमाल मर्यादा १४ लाख होती, ती १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख झाली. शिवाय ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी आणि गट विमा.

या न लिहिलेल्या कराराची एक बाजू सरकारने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने काढून घेतली. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन बंद होऊन परिभाषित अंशदान योजना लागू झाली. कर्मचाऱ्याचे १० टक्के, सरकारचे १० टक्के आणि हमी कशाचीच नाही. १ एप्रिल २०१५ पासून ही योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत वर्ग झाली. सरकारचा हिस्सा पुढे १४ टक्के झाला. संघटनाबंदी मात्र जशीच्या तशी राहिली. देवाणघेवाणीतले ‘देणे’ पोलिसाच्या गळ्यात राहिले आणि ‘घेणे’ गेले. हा अन्याय आहे, आणि तो इतर खात्यांपेक्षा पोलीस खात्यात जास्त ठळक आहे.

याचा पुरावा मार्च २०२३ मध्ये दिसला. जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी १४ मार्चला संप सुरू केला आणि तो सातव्या दिवशी मागे घेतला. शिक्षक, लिपिक, परिचारिका संपात होत्या. मागणी पोलिसांचीही तीच होती, पण ते फक्त बंदोबस्ताला उभे राहू शकत होते. त्या महिनाअखेरीस नव्या योजनेतल्या कर्मचाऱ्यांनाही उपदान आणि मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक दार उघडले: भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची, पण नेमणूक नंतरची असेल, तर जुन्या पेन्शनचा पर्याय. मार्च २०२४ पासून शेवटच्या वेतनाच्या ५० टक्क्यांची हमी देणारी सुधारित योजनाही आली. हे सगळे दुसऱ्यांच्या संपाने मिळाले, आणि ते इतरांइतकेच पोलिसांनाही लागू झाले.

पंचविसाव्या वर्षी, २००६ च्या सुमारास भरती झालेला अंमलदार २०३९ च्या आसपास निवृत्त होईल. नव्या पद्धतीचा पुरता परिणाम तेव्हा कळेल. सध्या निवृत्त होणारे बहुतेक जुन्या नियमांतले आहेत, आणि त्यांचे अडते ते कागदांवर.

ठाण्यात हे अडणे भूगोलामुळे वाढते. नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे जिल्ह्यातले वाशी-ऐरोली येते, तसे रायगडमधले पनवेल-उरणही. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय २०२० मध्ये आले, तेव्हा ठाणे ग्रामीणची हद्द आणखी आक्रसली. नव्वदीच्या दशकात ठाणे ग्रामीणमध्ये भरती झालेल्या माणसाचे सेवा पुस्तक त्यामुळे तीन-चार आस्थापना शाखांतून फिरलेले असू शकते. दर बदलीत एखादी नोंद निसटते: वार्षिक सेवा पडताळणीची सही, रजेचा हिशेब, वेतननिश्चिती.

प्रकरण कसे चालते? सेवा पुस्तक आधी वेतन पडताळणी पथकाकडे जाते. कोकण विभागाचे पथक बेलापूरच्या कोकण भवनात आहे. वेतननिश्चिती बरोबर ठरली की कागद महालेखापाल, मुंबई यांच्याकडे. निवृत्तीच्या सहा महिने आधी ते तिथे पोहोचायला हवेत, म्हणून तयारी दोन वर्षे आधी सुरू करायची असते. आपले सेवा पुस्तक पन्नाशीतच एकदा पानोपान पाहून घ्यावे आणि त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात. तीन गोष्टी हमखास आडव्या येतात.

पहिली, निलंबनकाळ. नंतर कामावर घेतले, पण तो काळ सेवा म्हणून धरायचा की नाही याचा आदेशच निघालेला नसतो. पथक त्या पानावर थांबते. हा आदेश निवृत्तीनंतर मिळवणे फार जिकिरीचे, कारण तेव्हाचे अधिकारी कधीच बदलून गेलेले असतात.

दुसरी, विभागीय चौकशी किंवा न्यायालयातला खटला. तो प्रलंबित असेल तर फक्त तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते आणि निकाल लागेपर्यंत उपदान अडकते (नियम १३०). निवृत्तीनंतर नवी चौकशी सुरू करायची तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये, ही नियम २७ ची मर्यादा अनेकांना ठाऊक नसते.

तिसरी, वसुली. वेतननिश्चिती पंधरा वर्षांपूर्वी चुकली असे शेवटच्या महिन्यात निघते आणि लाखांत रक्कम कापायचा आदेश येतो. रफिक मसीह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असे सांगितले. अंमलदार वर्ग तीनमध्ये येतो. मात्र वेतन सुधारणेच्या वेळी ‘जादा दिले गेल्यास परत करीन’ असे हमीपत्र घेतलेले असते, आणि २०१६ च्या एका निकालाचा आधार घेऊन प्रशासन तेच पुढे करते. लेखी हरकत तिथल्या तिथे घ्यावी आणि पोच ठेवावी.

पोलीस लाइनीतली खोली वेळेत सोडून ना-देय दाखला घ्यावा, नाहीतर दंडनीय भाडे उपदानातून वळते होते. दाद मागायची जागा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. अंतिम आदेशापासून एक वर्ष, आणि अर्जावर उत्तरच आले नाही तर सहा महिने वाट पाहून त्यापुढे एक वर्ष, अशी मुदत आहे. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे पाठवल्याने ती वाढत नाही.