कुर्ता

कुर्ता : भारत, पाकिस्तान व बांगलादेशात स्त्री-पुरुष दोघेही घालतात तो ढगळ सदरा. लांबी मांडीपासून गुडघ्याच्या खालीपर्यंत, बाह्या बहुधा लांब. शब्द आपल्याकडे फार्सी-उर्दूच्या वाटेने आला. मराठीत कुडता आणि झब्बा हेही शब्द चालतात. आखूड, साध्या बेताच्या सदऱ्याला ‘नेहरू शर्ट’ म्हणण्याची पद्धत आहे.

कुर्त्याची खरी ओळख त्याच्या बेतण्यात आहे. जुन्या पद्धतीत पुढची-मागची बाजू एकाच सरळ पट्ट्याची. कापड खांद्यावर दुमडायचे, त्यामुळे खांद्यावर शिवण येत नाही. बाह्या सरळ. खाली घेर हवा म्हणून दोन्ही अंगांना तिरप्या कळ्या, म्हणजे वर अरुंद नि खाली रुंद तुकडे, जोडतात; असा तो कळीदार कुर्ता. सगळे तुकडे सरळ रेषेत कापलेले असल्याने कापड फारसे वाया जात नाही. काखेत मात्र एक लहान चौकोनी तुकडा बसवतात, त्याला चौबगला म्हणतात. हात वर केला की तो उलगडतो आणि सदरा वर ओढला जात नाही. हा तळहातापेक्षाही लहान तुकडा म्हणजे साऱ्या शिवणकामातली सर्वांत शहाणी गोष्ट. हल्ली शर्टासारखा खांदा उतरवून शिवतात, तेव्हा चौबगला गळतो. मग अंगात ढगळ असूनही कुर्ता काखेत काचतो. मांडी घालून बसता यावे म्हणून दोन्ही बाजू खालून उघड्या ठेवतात.

गळ्याची पट्टी छातीपर्यंतच उघडते, म्हणून कुर्ता डोक्यावरूनच घालावा लागतो. ठेवणीतल्या झब्ब्याला पट्टीच्या दोन्ही बाजूंना काजे असतात आणि साखळीने जोडलेली सोन्या-चांदीची बटणे त्यांतून ओवतात. धुण्याआधी ती काढून डबीत ठेवायची.

लखनौचा कुर्ता चिकनकारी या नाजूक भरतकामासाठी प्रसिद्ध. या कामाला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातल्या बखिया टाक्यात दोरा कापडाच्या उलट बाजूने भरतात, आणि पातळ मलमलीतून त्याची सावली तेवढी सुलट बाजूला दिसते. पठाणी कुर्त्याला कॉलर व कफ असतात आणि खाली त्याच कापडाची सलवार. बंगालीत पुरुषांच्या कुर्त्याला ‘पांजाबी’ म्हणतात, तर मराठीत ‘पंजाबी ड्रेस’ हा बायकांचा! पंजाबचे नाव दोन्हीकडे, वस्त्रे वेगळी.

महाराष्ट्रात झब्बा धोतरावर, लेंग्यावर किंवा पायजम्यावर घालतात. वर जाकीट चढवले की तो सभेचा, लग्नाचा पोशाख होतो. खादीचा पांढरा कुर्ता स्वातंत्र्य चळवळीने प्रतिष्ठेचा केला. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांतली मुले-मुली पांढरा कुर्ता घालून, कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवतात. मुलींमध्ये कुर्ता आता जीन्स-लेगिंग्जवर सर्रास दिसतो, ओढणी ऐच्छिक. सुती कुर्त्याला खळ घालायची तर बेताने. जास्त झाली की कापड पुठ्ठ्यासारखे उभे राहते आणि घाम टिपत नाही.