हाफकिन, वाल्देमार : संशोधन आणि कागदपत्रे

(१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०). पटकी (कॉलरा) आणि प्लेग यांवरील लशी तयार करणारे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ. मुंबईत परळच्या संस्थेमुळे त्यांचे नाव सर्वांच्या तोंडी असले, तरी त्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी त्या मानाने दुर्लक्षित राहिल्या. जन्म ओडेसा येथे, ज्यू कुटुंबात. तेथील विद्यापीठात ते जीवशास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना जागा मिळाली ती ग्रंथालयात.

त्यांचे सुरुवातीचे लेख एकपेशीय जीवांवर आहेत. पॅरामिशियमच्या पेशीकेंद्रकात वाढणाऱ्या जंतूंना त्यांनी १८९० मध्ये ‘होलोस्पोरा’ हे नाव दिले. ते आजही वापरात आहे. पटकीच्या लशीचा निबंध जुलै १८९२ मधला. १८ जुलैला त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले आणि पुढील दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली गेली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला आणि सरकारने हाफकिन यांना तिकडे पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सरंजामावर काम सुरू झाले. बकऱ्याच्या मांसाचा रस चंबूत भरून त्यावर तुपाचे थेंब सोडत. गोमांस आणि डुकराचे मांस टाळल्याने हिंदू-मुसलमान दोघांचीही हरकत राहत नसे. जंतू तुपाच्या थेंबांना धरून वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली उतरत. ठरावीक दिवसांनी चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे धरत. असे पाच-सहा आठवडे चाले. चंबूला धक्का बसला तर सुळके धरतच नसत, आणि प्लेगचा जंतू ओळखण्याची खूणच हातची जाई. तयार रस तासभर सुमारे ६५° से. तापमानात ठेवून जंतू मारत आणि त्यात ०.५ टक्का कार्बॉलिक आम्ल (एक जंतुनाशक) घालत.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला १० घ.सेंमी. लस टोचून घेतली. प्रौढांना पुढे देत त्याच्या हे तिप्पटीहून जास्त. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे.

हाफकिन यांचे खरे वेगळेपण मात्र हिशेबात आहे. लस घेणारे मुळातच खाऊनपिऊन सुखी असतील, तर आकडे फसवतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली; घर, अन्न, उंदीर सगळे तेच. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत लस घेतलेले ७१ जण होते, त्यांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. लस रोग पूर्णपणे रोखत नाही, हेही याच आकड्यांत दिसते आणि त्यांनी ते लपवले नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कृतीतून कार्बॉलिक आम्ल वगळले होते. ठपका त्यावर आला आणि त्यांना पदावरून बाजूला केले गेले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि त्याच चिमट्याने बूच काढले गेले होते. रसात धनुर्वाताचे जंतू मुंबईतूनच आले असते, तर बाटलीला दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला तशी काही जाणवली नव्हती. ‘द टाइम्स’मध्ये २९ जुलै १९०७ रोजी रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले. तोवर मुंबईची जागा भरली गेली होती. ते कलकत्त्याला गेले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले.

लोझान येथे त्यांचे निधन झाले. रोजनिश्या, पत्रव्यवहार आणि कात्रणे जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. उंधेऱ्याचे आकडे मात्र त्यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात छापील मिळतात.