माड, मोह आणि गोव्याची हद्द: कोकणातल्या अबकारीची पार्श्वभूमी

कोकणात दारूवरचा सरकारी पहारा आधी झाडावर बसला, पुढे फुलावर आला आणि आता बराचसा गाडीवर आहे.

१८७८ च्या मुंबई अबकारी (म्हणजे दारूवरच्या कराच्या) कायद्यानंतर रसासाठी माड-ताड छेदायला परवाना आणि झाडामागे कर लागू झाला. माडी काढणाऱ्या भंडारी समाजाचा पिढीजात धंदा त्यात सापडला. पण झाडच का मोजायचं? माडीला भट्टी लागत नाही. पहाटे उतरवलेला गोड रस दुपारपर्यंत आपोआप आंबतो. मडक्याला आतून चुना फासला तर नीरा, नाही तर माडी. रसावर पाळत ठेवणं अशक्य. झाड मात्र जागेवरून हलत नाही.

मोहाची गोष्ट वेगळी. उरणला मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या भट्ट्या होत्या आणि तिथल्या महसुलाला घरगुती भट्टीचा फटका बसत होता. म्हणून १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. ही फुलं कातकरी-ठाकरांच्या पोटाचाही आधार होती. महसुलापुढे ते गौण ठरलं. मीठ, अफू आणि अबकारी तेव्हा एकाच आयुक्ताकडे असत, त्यामुळे मिठागर आणि भट्टी दोन्हींकडे सरकार महसुलाच्याच नजरेने पाही.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने दिशा महसुलाकडून बंदीकडे बदलली. आज तोच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून लागू आहे आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग व पोलीस दोघेही त्याखाली गुन्हे नोंदवतात: बेकायदा निर्मिती, वाहतूक, विक्री, बाळगणे यांना कलम ६५, गुत्त्याला कलम ६८. बंदीच्या काळात हातभट्टी खाडीत शिरली. गूळ, नवसागर आणि पाणी यांचं रसायन ड्रममध्ये आंबवायचं, कांदळवनात लपवायचं. छाप्याला होडी लागते आणि वेळ भरतीची साधावी लागते. ओहोटीला होडी चिखलात रुतते, तोवर भट्टीवाले पसार.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि परदेशाची सीमा राज्याची हद्द झाली. तिथला कर कमी, त्यामुळे तीच बाटली इकडे महाग. फरकावर चोरटा धंदा उभा राहिला. म्हणून सिंधुदुर्गात बांद्याजवळ इन्सुलीचा तपासणी नाका महत्त्वाचा. ट्रकच्या हौद्यात चोरकप्पा, वर भाजी किंवा भंगार, आणि बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असा शिक्का. वाहनही जप्त होतं, म्हणून मालकाचा पहिला बचाव ठरलेला: चालकाने परस्पर माल भरला.

पकडणं सोपं, शाबित करणं कठीण. रसायन जागेवरच ओततात, त्यामुळे सीलबंद नमुना हाच पुरावा. पंचनाम्यातली लाखेची मोहर आणि प्रयोगशाळेत पोचलेली मोहर जुळली नाही, नमुना अनेक दिवस पोलीस ठाण्यातच पडून राहिला किंवा पंच उलटले, की आरोपी सुटतो. शंभर खोक्यांतून एकच बाटली तपासणीला गेली, तर उरलेल्या नव्व्याण्णव खोक्यांत दारूच होती कशावरून, असा प्रश्न बचावाचा वकील हमखास विचारतो. त्यामुळे प्रत्येक ब्रँड आणि प्रत्येक बॅचमधून वेगळा नमुना काढलेला बरा.