एकाच फेरीचे पॉलिश आणि फोमचा पॅड : पार्श्वभूमी

गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे एकाच फेरीत बऱ्यापैकी घालवून चकाकी आणायची असेल, तर पॉलिशच्या बाटलीआधी पॅडचा विचार करावा लागतो. दुकानात पिवळे, नारिंगी, पांढरे, हिरवे, निळे, काळे असे फोमचे पॅड मांडलेले असतात आणि नवखा माणूस साहजिकच रंगावरून निवड करू पाहतो. ही निवड इतकी किचकट का झाली, हे समजण्यासाठी गाडीचा रंग आणि तो घासण्याचे यंत्र गेल्या शंभर वर्षांत कसे बदलत गेले, ते पाहायला हवे.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात घोडागाड्यांप्रमाणेच त्यांनाही कुंचल्याने व्हार्निशचे थरावर थर दिले जात आणि ते पुरते वाळायला आठवडे लागत. ड्युपाँ आणि जनरल मोटर्स यांच्या प्रयत्नांतून आलेला ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२४ च्या ‘ओकलंड’ या ब्रँडच्या गाड्यांवर दिसला आणि वाळण्याचा काळ तासांवर आला. आपल्याकडे फर्निचरवर फवारून देण्याच्या रंगालाही पेंटर आजही ‘ड्युको’च म्हणतात, ते नाव इथून आलेले आहे. मात्र फवारलेला लॅकर आपोआप चकचकीत दिसत नसे. तो घासूनच चकाकी आणावी लागे. गॅरेजमध्ये आपण सहज ‘रबिंग-पॉलिश’ म्हणतो, त्यातल्या रबिंगचा उगम लॅकरच्या या स्वभावात आहे.

त्या काळचे हत्यार म्हणजे एकाच आसावर फिरणारा रोटरी पॉलिशर आणि त्यावर लावलेला मेंढीच्या लोकरीचा पॅड. रंग एकसंध असे, म्हणजे रंगद्रव्य वरपासून खालपर्यंत सारखेच भरलेले असे; त्यामुळे लाल गाडी घासली की पांढरी लोकर लाल होई आणि जुना, उन्हाने पांढुरका पडलेला थर निघतो आहे हे डोळ्यांना दिसे. जुन्या एकथरी रंगाच्या गाडीवर आजही ही खूण पटते. रंग बऱ्यापैकी जाड असेपर्यंत लोकरीचा दणकट काप, म्हणजे रंगाचा थर घासून काढण्याची ताकद, खपून जात होता.

फोमची गोष्ट दुसऱ्याच ठिकाणी सुरू झाली. १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. त्यातल्या आयसोसायनेटशी पाण्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे घट्ट होणाऱ्या पदार्थात अडकतात आणि स्पंज तयार होतो. १९५० च्या दशकात हा मऊ फोम गाद्यांमध्ये आणि गाड्यांच्या सीटमध्ये भरला जाऊ लागला. पुढे तोच फोम गोल कापून पॉलिशरवर चढला. घटकांचे प्रमाण बदलले की भोके लहान-मोठी होतात आणि फोम कडक किंवा मऊ होतो, हा गुण पॉलिश करणाऱ्यांच्या फार उपयोगी पडला. लोकरीत इतक्या बारीक पायऱ्या पाडणे अवघड होते.

फोमची खरी गरज निर्माण केली ती क्लिअर कोटने. १९८० च्या दशकात बेस कोटवर, म्हणजे रंगाच्या थरावर, पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत सर्वत्र रुळली. कारखान्यातून निघणाऱ्या गाडीवर हा पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्यावरच्या एका केसापेक्षाही पातळ. आणि खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करण्याचे कामही त्यालाच करायचे असते. काळ्या बॉनेटवर लोकरीचा पॅड फिरवून झाल्यावर बारीक एलईडी टॉर्च तिरपी धरा : प्रकाशाच्या ठिपक्याभोवती, टॉर्च हलेल तशा सरकणाऱ्या, पंख्यासारख्या पसरलेल्या रेघा दिसतात. कामातले लोक त्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. लोकरीचा प्रत्येक धागा पॉलिशमधली पूड सोबत ओढत स्वतंत्र रेघ मारतो, आणि काचेसारख्या थरात ती रेघ लपत नाही. फोमच्या पृष्ठभागावर तो दाब असंख्य छोट्या भिंतींमध्ये वाटला जातो, म्हणून त्याची खूण पुष्कळच सौम्य उमटते.

दुसरा मोठा बदल यंत्रात झाला. सँडिंगसाठी बनलेली दुहेरी गतीची यंत्रे पॉलिशसाठी वापरात आली. त्यांत पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी त्याचे केंद्रही लहान वर्तुळात हलते, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही आणि होलोग्रामही सहसा पडत नाहीत. हा पॅड जोराने दाबला की त्याचे फिरणे थांबते आणि तो नुसता थरथरत राहतो. म्हणूनच जाणकार बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर बसतो तिच्या, कडेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवतात : रेघ फिरताना दिसली तर काम होते आहे, जागच्या जागी थरथरली तर दाब कमी करायचा. रोटरीवर चालणारा जाड पॅड इथे यंत्राची हालचाल स्वतःच गिळून टाकतो, म्हणून पॅड पातळ होत गेले. इटलीच्या रूपेस कंपनीने बिगफूट मालिकेत केंद्र १५ आणि २१ मिलिमीटरच्या मोठ्या वर्तुळात हलणारी यंत्रे आणल्यावर एका फेरीत नीट काम उरकणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच सुमारास पॉलिशमधली अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूडही बारीक आणि एकसारखी होत गेली. एकच पॉलिश मऊ पॅडवर हळुवार आणि कडक पॅडवर जोरकस चालू लागले, आणि काप किती घ्यायचा हे ठरवण्याचा मोठा भाग पॅडकडे आला.

आता रंगांच्या गोंधळाकडे वळू. पॅडच्या रंगांना सर्व कंपन्यांनी मान्य केलेला अर्थ नाही. लेक कंट्री या पॅड बनवणाऱ्या कंपनीच्या नेहमीच्या मालिकेत पिवळा पॅड कापणारा, नारिंगी त्याहून हलका, पांढरा पॉलिशचा आणि काळा शेवटचा हात देणारा. रूपेसकडे मात्र निळा सर्वांत कडक, हिरवा मध्यम, पिवळा बारीक कामाचा आणि पांढरा त्याहूनही मऊ. एका कंपनीच्या सवयीने दुसऱ्या कंपनीचा पिवळा पॅड उचलला, तर कापायला घेतलेला पॅड नुसती झिलई देत बसतो. म्हणून रंगावर न जाता पॅड अंगठ्याने दाबून पाहावा : एका फेरीच्या कामाचा पॅड सहज दबतो, पण बोट काढताच ताठ उभा राहतो, कापणारा पॅड बोटाला विरोध करतो आणि शेवटचा हात देणारा पॅड उशीसारखा खचतो.

एका फेरीसाठी या मधल्या जातीपासून सुरुवात करावी. रंगाचा कडकपणाही गाडीगणिक वेगळा असतो. मर्सिडीजने २००३ च्या अखेरीस नॅनोकणांचा, ओरखड्यांना टक्कर देणारा क्लिअर कोट आणला, तर कित्येक जपानी गाड्यांचा रंग इतका मऊ असतो की कडक पॅड स्वतःच त्यावर धूसरपणा सोडतो. म्हणून आधी वीतभर चौकोनात एकदा करून पाहावे, टॉर्चखाली निरखावे, आणि ओरखडे फारच उरले तर पॉलिश तेच ठेवून एक पायरी कडक पॅड घ्यावा. जे खोल ओरखडे तरीही उरतात, ते तसेच राहू द्यावेत. कारण त्यांच्यामागे लागून गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये रोज सकाळी धुळीवरूनच कोरडे किंवा जेमतेम ओले फडके फिरते, त्या गाड्यांवर नवे ओरखडे पडतच राहतात आणि पुढच्या वर्षीच्या पॉलिशसाठी हा थर शिल्लक असावा लागतो.

पॅडची संख्याही कमी पडू देऊ नये. दोन-तीन पत्रे (बॉनेट, दार असे गाडीचे भाग) झाले की भोके पॉलिशने आणि निघालेल्या रंगाने भरतात, फोम ओला व जड होतो आणि त्याचा काप उतरतो. एका मध्यम गाडीला एकाच जातीचे तीन-चार पॅड हाताशी असावेत आणि दर पत्र्यानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडावा. मधोमध भोक असलेला पॅड केंद्रातली उष्णता थोडी बाहेर टाकतो. पॅडचा मध्यभाग हाताला चटका बसण्याइतका गरम लागला, तर तो लगेच बदलावा. तशाच गरम पॅडने काम रेटले, की फोम आणि मागची वेल्क्रोची पट्टी यांमधला गोंद सुटतो आणि पॅड चालू यंत्रावरून निसटतो.