आंबील ओढा : कात्रजपासून मुठेपर्यंत

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या, तळमजल्यांत चिखल भरला. इतका पाऊस कधी पाहिला नव्हता, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. पाऊस जबर होताच, पण सगळा दोष त्याच्यावर टाकून भागत नाही. या पुरामागे अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

ओढा उगम पावतो कात्रजच्या डोंगरात. पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल असं करत तो मुठा नदीला मिळतो. पूर्वीची वाट वेगळी होती. पर्वती टेकडीच्या पायथ्याहून तो आजच्या बाजीराव रस्त्याच्या बाजूने थेट गावातून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीजवळ बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात पेठांची वस्ती वाढली.

म्हणजे ओढ्याच्या वाटेत हात घालणं आजचं नाही. मात्र पेशव्यांनी वाट बदलताना पाण्याला थांबायला जागाही दिली. पर्वतीखाली मोठं तळं झालं, तर वर कात्रजला बांध घालून 1750 च्या सुमारास शहराचा पाणीपुरवठा उभा राहिला. त्या काळातलं हे काम आजही थक्क करतं. कात्रजच्या तळ्यात गाळ खाली बसायचा, वरचं निवळ पाणी दगडी नळात शिरायचं आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात पोचायचं. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत दगडी उच्छ्वास बांधले होते. शनिवारवाड्यातल्या कारंज्यांपासून पेठांतल्या हौदांपर्यंत हेच पाणी खेळायचं. काळा हौद, बदामी हौद ही नावं जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत.

खडकवासला धरणाचं पाणी आलं आणि शहराची ओढ्यावरची भिस्त संपली. घसरण तिथून सुरू झाली, असं मला वाटतं. ज्याचं पाणी पितो त्याची काळजी माणूस घेतोच. पिणं थांबलं तसं ओढ्यात सांडपाणी सोडायला कुणाचा हात अडला नाही. पुढे पर्वतीचं तळं आटवून तिथं सारसबाग झाली. जुनं तळं उरलं नसताना तिथल्या देवाला मात्र आपण अजून तळ्यातला गणपतीच म्हणतो. कात्रजच्या तळ्यातही सांडपाणी आणि जलपर्णी आली. काठच्या सखल जमिनीवर घरं उठली. त्यातली कित्येक गरिबांची होती, कारण शहरात दुसरीकडे जागा त्यांना परवडतच नव्हती. पण सोसायट्यांच्या सीमाभिंतीही ओढ्याच्या पात्रापर्यंत आल्याच.

ओढ्याचं काम नुसतं पाणी वाहून नेण्याचं नसतं. डोंगरावरचा पाऊस वळणावळणाने येतो तेव्हा त्याचा वेग मोडतो. काठची माती आणि उंबर-करंजाची मुळं थोडं पाणी धरून ठेवतात, थोडं बेसॉल्टच्या काळ्या खडकातल्या भेगांतून खाली झिरपतं आणि आसपासच्या विहिरी-बोअरना पाणी राहतं. खंड्या, बगळे, बेडूक त्या ओलीवरच जगतात. डोंगरउतार फोडून डांबर-काँक्रीट पसरलं की तेच पाणी काही तासांऐवजी काही मिनिटांत पात्रात उतरतं. 2019 च्या रात्री वेग होता, पण तो मोडायला वळणं आणि मोकळे काठ उरले नव्हते.

पुरानंतर काठाने संरक्षक भिंती बांधायचं काम निघालं. दांडेकर पुलाजवळ पात्र सरळ करण्यासाठी जून 2021 मध्ये भर पावसाळ्यात घरं पाडायला सुरुवात झाली. रहिवासी रस्त्यावर आले आणि न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. घरं हलवावी लागणार असतील तर आधी पर्यायी घर हातात हवं, हे उघड आहे. सरळ, भिंतीबंद पात्रात मात्र पाणी आणखी वेगाने धावतं, झिरपणं थांबतं आणि पुराचा धोका खालच्या वस्तीकडे सरकतो. आधी कात्रजच्या तळ्यांतला गाळ काढून त्यांची साठवण वाढवावी, डोंगरउतारावरची बांधकामं थांबवावीत आणि सांडपाण्याला वेगळी वाहिनी द्यावी. भिंतींचा विचार त्यानंतर.